बर्फाची फळी, कापसाचं माप

एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. दर वर्षी हिमवर्षावाचा धडा यायचा आणि दर वर्षी मी तो न अडखळता शिकवायची. प्रत्यक्षात मी बर्फ पाहिला होता तो रसवंतीगृहातला, भुशात गुंडाळलेला. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं होतं, बाई, बर्फ पडताना आवाज येतो का? मी म्हटलं, पाठ्यपुस्तकात तसं काही दिलेलं नाही. माझ्या अज्ञानाला शिक्षण खात्याचा असा भक्कम आधार होता.

त्यामुळे माझी भाची एका सकाळी चहा पिताना म्हणाली, की फुफी, यंदा मला पावडरच्या स्की घ्यायच्यात, तेव्हा मला आधी पावडर म्हणजे काय तेच विचारावं लागलं. ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी; आत्याला आमच्याकडे फुफी म्हणतात. भावाचं शिराळ्याला गाद्यांचं दुकान आहे. आमच्या घरात कापूस पिंजण्याचं काम किती पिढ्या चाललंय ते कुणी मोजलेलं नाही. भाची कॉलेजसाठी साताऱ्याला माझ्याकडे आली आणि इथलीच झाली. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या लोकांना दोर लावून कडे उतरवते. ज्या कड्यांवरून उतरू नये म्हणून आमच्या लहानपणी आम्हाला मार पडायचा, त्याच कड्यांवरून ती लोकांना उतरवते आणि ते तिचे आभार मानतात.

तीन हिवाळे ती काश्मीरला जाऊन बर्फावरून घसरायला शिकली होती. पावडर म्हणजे नुकता पडलेला, कुणी न तुडवलेला, कोरडा बर्फ, तिनं मला समजावलं. साधी स्की त्यात सुरीसारखी खाली जाते. त्यासाठीची स्की वेगळी असते: रुंद, पुढचं टोक लांबवर वर वळलेलं. ती बर्फात बुडत नाही, तरंगते. मी तिला त्या मागच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न सांगितला, तर तिनंही कधी कान देऊन ऐकलं नव्हतं.

आदल्या जानेवारीत तिनं तिथे वाटाड्याची परीक्षा दिली होती. ताज्या बर्फातून पाहुण्यांच्या गटाला खाली आणायचं, एवढीच परीक्षा. तिच्या पायात भाड्याची, अरुंद स्की होती. दुसऱ्याच वळणावर टोकं खाली गेली, ती तोंडावर आपटली आणि एक स्की पायातून सुटून बर्फाखाली गायब झाली. ती शोधायला पाऊण तास लागला. सगळा गट उभा राहून गारठला. परीक्षक चांगला माणूस होता. त्यानं सांगितलं, पुढच्या वर्षी एकदा ये, पण तिसऱ्यांदा मी घेणार नाही.

म्हणजे हाती एकच संधी होती, आणि ती कुठल्या फळीवर उभी राहून घ्यायची हे ठरवायचं होतं. दिल्लीच्या एका दुकानदाराकडे चार जोड शिल्लक होते. एका मऊ मॉडेलचे तीन, एकशे चौसष्ट, एकशे बहात्तर आणि एकशे ऐंशी सेंटिमीटरचे. आणि एका कडक मॉडेलचा एक, तोही एकशे ऐंशीचा. शुक्रवारी दुपारपर्यंत तो ते कुणाला देणार नव्हता. एकदा विकलेला माल मात्र परत घेणार नव्हता. कडक मॉडेलला एका शिकारी पक्ष्याचं नाव होतं आणि त्याच्या वर्णनात दर दोन ओळींनी कुणीतरी डोंगराचा चक्काचूर करत होतं. मऊ मॉडेलचं नाव एखाद्या शांत सुनेसारखं होतं. माझं मत तिथेच बनलं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

भावाचा निरोप आला, की पोरीच्या पायाखाली जे जाणार ते मी आधी समजून घेणार, या दोघी. मग गुरुवारी आम्ही कऱ्हाडमार्गे शिराळ्याला गेलो.

स्टँडवर उतरताच एक फ्लेक्स दिसला. 'आपल्या गावची हिमकन्या' असं वर लिहिलेलं. फ्लेक्सचा दोन तृतीयांश भाग हात जोडलेल्या पुरुषांनी व्यापला होता. खाली कोपऱ्यात माझी भाची होती, म्हणजे तिचं डोकं होतं. धड कुणा दाढीवाल्या परदेशी माणसाचं असावं, कारण मानेपाशी थोडी दाढी राहून गेली होती. त्याच्या पायातल्या स्की जागेअभावी घोट्यापासून वीतभर पुढे कापल्या होत्या. भाची बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ह्या लांबीला वळायला सोप्या जातील.

दुकानात भाऊ आमची वाट पाहत होता, आणि त्याच्याबरोबर सुभेदार. हे भावाचे जुने मित्र. गावाबाहेर त्यांचा ऊस आहे, पण त्यांची ओळख उसाची नाही, फौजेची. नऊ हिवाळे त्यांनी बर्फात काढलेत. त्यामुळे गावात जे काही थंड असेल त्याबद्दल त्यांना विचारण्याची रीत आहे. नवा फ्रीज घेतानासुद्धा लोक त्यांना बरोबर नेतात. त्या दिवशी ते कोटाची सगळी बटणं लावून आले होते आणि हातात एक लांबच लांब ऊस होता. सोललेला नाही, नुसता शेंड्याचे वाढे काढून दोन्ही टोकं सरळ कापलेला.

"आवं बाई, ह्ये माप हाय," ते मला म्हणाले. "हात वर करायचा. मनगटापोत्तर फळी आली पायजे. आमाला तसंच शिकिवलंय."

ऊस त्यांनी घरीच कापून आणला होता. भाचीची उंची त्यांना पाठ होती, कारण तिच्या लग्नाचा बायोडाटा दोन घरी त्यांनीच नेऊन दिला होता.

आता या बायोडाट्याबद्दल सांगायला हवं, कारण तो मीच टाइप केला होता. त्यात उंचीसमोर पाच फूट पाच इंच असं लिहिलं होतं. भाची एवढी उंच नाही. पण आमच्याकडे मुलीच्या उंचीत दोन-अडीच इंच घालायची पद्धत आहे. समोरचाही ते वजा करूनच वाचतो, त्यामुळे कुणाची फसवणूक होत नाही. मुलांचंही तेच. भरतीच्या आदल्या महिन्यात गावोगावची पोरं झाडाच्या फांद्यांना लोंबकळत असतात, आणि जी उंची वाढत नाही ती निदान बोलण्यात वाढवतात. या दोन जिल्ह्यांत खरी उंची फक्त शिंप्याला ठाऊक असते.

भावानं आमच्यासमोरच दिल्लीला फोन लावला. दुकानदारानं मुलीचं वजन विचारलं. भावानं चोपन्न किलो असं खरंखरं सांगितलं. वजन बायोडाट्यात नसतं, म्हणून त्याबद्दल खोटं बोलायची कुणाला सवय नाही. मग त्यानं उंची विचारली. भाऊ क्षणभरही न थांबता म्हणाला, पाच-पाच. दुकानदारानं विचार करून सांगितलं की पाच-पाच उंची, तीन वर्षांचा सराव आणि खोल बर्फ, तर एकशे ऐंशी घ्या. सुभेदारांनी मान डोलावली. त्यांच्या उसापेक्षा आकडा कमी होता, पण त्यातल्या त्यात जवळचा होता.

भाची काही बोलली नाही. एरवी ती कड्यावरून माणसांवर ओरडते, पण वडिलांना पाहुण्यासमोर खोटं पाडणं हे कडा उतरण्याइतकं सोपं नाही. मीही गप्प बसले. ते पाच-पाच माझ्याच बोटांनी टाइप केले होते.

ऑर्डर तिथेच गेली असती. पण भावाला आपल्या धंद्यातला एक प्रश्न पडला. त्यानं विचारलं, बर्फ भुसभुशीत म्हणजे किती भुसभुशीत? भाचीनं इकडेतिकडे पाहिलं, मागच्या खोलीत गेली आणि यंत्रातून नुकत्याच निघालेल्या कापसाची ओंजळ भरून आणली. म्हणाली, असा. पिंजल्या पिंजल्या असतो ना, तसा. भावाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी त्याच्या लहानपणी पतंग काटल्यावर पाहिलं होतं. तीन वर्षं पोरगी कुठल्या परक्या मुलखात काय करते हे त्याला कळत नव्हतं. आता कळलं. ती कापसावर चालत होती.

लग्नसराईचे दिवस होते. मागची खोली छातीइतक्या कापसानं भरलेली होती. भावानं शेजारच्या सुताराकडून पातळ प्लायवूडच्या पट्ट्या कापून आणल्या. गेल्या वर्षीच्या भाड्याच्या स्कीसारखी चार बोटं रुंद एक जोडी, आणि नव्यासारख्या सहा बोटं रुंद तीन जोड्या, तिन्ही लांब्यांच्या. पायाला बांधायला खाटेची नवार होतीच. भाचीनं ओढणी नाकातोंडावर गुंडाळली, पायाला अरुंद पट्ट्या बांधून घेतल्या आणि कापसात पाऊल टाकलं. ती गुडघ्यापर्यंत आत गेली. मग रुंद पट्ट्या बांधल्या. या खेपेला कापूस घोट्याच्या जरा वर येऊन थांबला. शाळेत असल्या गोष्टीला मी प्रयोग म्हणून गुण दिले नसते. कापूस म्हणजे बर्फ नव्हे आणि प्लायवूड म्हणजे स्की नव्हे. पण एकतीस वर्षांत माझ्या कुठल्या प्रयोगाला इतक्या टाळ्याही पडल्या नव्हत्या. सुतारसुद्धा रंधा हातात घेऊन बघायला आला होता.

भाऊ म्हणाला, "गादीत मानूस वजनानं बुडत न्हाई. टेकायला जागा किती मिळती, त्येच्यावर हाय. कोपर टेकलं की कोपर बुडतं, पाठ टेकली की पाठ तरती."

इतकं सरळ मी दाबाचा नियम कधी शिकवला नव्हता. आणि तो शिकवायचा होता विज्ञानाच्या सरांनी, एवढंच समाधान.

रुंदी ठरली. आता लांबी. खोल बर्फात उभ्या जागी उलट फिरायचं असेल तर एक पाय उचलून स्की हवेतच वळवावी लागते, आणि मग दुसरी तिच्याशेजारी आणावी लागते. परीक्षेत हे करावंच लागतं. भाचीनं एकशे ऐंशीच्या पट्ट्या बांधल्या, पाय उचलला, वळवला आणि पट्टीचं मागचं टोक कापसात अडकून ती उताणी पडली. उठली, पुन्हा केलं, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा कापसातून फक्त हसण्याचा आवाज येत होता, माणूस दिसत नव्हतं.

"व्हईल सवय," सुभेदार म्हणाले. पण त्यांच्याही आवाजात तेवढा जोर नव्हता.

भाऊ हसत नव्हता. तो एकदा पट्टीकडे बघे, एकदा मुलीकडे. घरात आमची दखनी चालते, पण सुभेदार समोर असले की भाऊ त्यांना कळावं म्हणून मराठीत बोलतो. त्यानं मराठीत विचारलं, "खरं सांग. लांब पडती का तुला?"

भाचीच्या केसांत, भुवयांवर, सगळीकडे कापूस होता. ती त्यातूनच म्हणाली, "अब्बा, मी पाच-पाच नाहीये."

सुतार हळूच रंधा घेऊन गेला. शेजाऱ्यानं कधी जावं हे त्याला बरोबर कळतं. मग मी भिंतीवरची कापडी टेप काढली. मला ते करणं भाग होतं, कारण खोटं माझ्या हातचं होतं. भाचीला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, केसांतला कापूस झटकला, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीनं खूण केली. पाच फूट अडीच इंच. तिच्या जन्मापासून हा आकडा आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता. मी तो दोनदा उच्चारला, कारण पहिल्यांदा भावानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सुभेदारांनी कोटाचं वरचं बटण काढलं.

"भाई," ते म्हणाले, "तुमी पाच-पाच म्हनला, म्हनून म्या त्या दोन घरी पाच-सा सांगून आलोय."

पहिली भाची हसली, मग मी, आणि मग भाऊ. खांदे हलवत, आवाज न करता, आमचे वडील हसायचे तसं. डोळे पुसून त्यानं फोन उचलला आणि दिल्लीला परत लावला. म्हणाला, ऑर्डर द्यायच्या आधी ऐका, उंची पाच फूट अडीच आहे. पलीकडून दुकानदार साहजिकच म्हणाला असावा की तासाभरापूर्वी तर तुम्ही पाच-पाच सांगितलीत.

"वो शादी की हाइट थी, साहब," भाऊ म्हणाला. "ये बर्फ की है."

पलीकडचं हसणं आम्हाला स्पीकर नसतानाही ऐकू आलं. हसून झाल्यावर तो माणूस मन लावून बोलू लागला, जसं काही आता कुठे घरचं बोलणं सुरू झालं होतं. त्यानं पाठीवर किती वजन असणार ते विचारलं. भाची म्हणाली, दोर, फावडं, औषधं मिळून दहा किलो. मग त्याच्या मते एकशे चौसष्ट वळायला हलकी जाईल, पण वजनासकट ताज्या बर्फात थोडी कमी पडेल. एकशे बहात्तर घ्यावी. तिच्या डोक्याच्या वर ती बरीच जाईल, पण घाबरायचं कारण नाही. दोन्ही टोकं इतकी वर वळलेली असतात की टणक बर्फावर मधला भागच टेकतो आणि ती आखूड असल्यासारखी वळते. भुसभुशीत बर्फात मात्र सगळी लांबी कामाला येते. त्या लांबीत मऊच शिल्लक होती, तरी भावानं विचारलं, कडक बरी की मऊ? आणि उत्तर यायच्या आत स्वतःच म्हणाला, हलक्या माणसाला कडक गादी दिली की तो नुसता वर पडून राहतो, गादी वाकतच नाही. मग दुकानदारानं विचारलं, आपण काय करता? भावानं सांगितलं. यावर तो म्हणाला की त्याच्याकडची अर्धी गिऱ्हाइकं नाव बघून कडक स्की नेतात आणि पुढच्या हिवाळ्यात विकायला आणतात.

शिकारी पक्षी राहिला. शांत सून ठरली.

एक गोष्ट उरली होती. सुभेदारांचा ऊस भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, हे ते बघत होते. भाची त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि विचारलं, काका, तुमच्या वेळच्या फळ्या कशा होत्या? ते म्हणाले, लाकडी, चार बोटं रुंद, पट्टीवाणी सरळ. ती म्हणाली, मग बरोबरच आहे. अरुंद असल्यावर तरंगायला लांबीच हवी. आता रुंदी वाढली, म्हणून लांबी कमी झाली. सुभेदारांनी यावर चांगला विचार केला.

"मंजी नियम बराबर हुता," ते म्हणाले. "फळी बदलली."

"व्हय काका."

त्यांचं समाधान झालं. त्यांनी ऊस उचलला, गुडघ्यावर मोडून त्याचे सहा तुकडे केले आणि नऊ हिवाळ्यांचं ते माप आम्ही दुकानाच्या पायरीवर बसून सोलून खाल्लं. ऊस लय गोड होता. तसं मी म्हटलं, तर त्याचंही श्रेय त्यांनी थंडीलाच दिलं.

स्की साताऱ्याला आल्या तेव्हा खोका माझ्या पुस्तकांच्या कपाटापेक्षा उंच होता. दहा-बारा दिवस तो दारामागे उभा होता. निघण्याआधी शिराळ्यात सत्कारही झाला, शाल आणि श्रीफळ. प्रमुख पाहुणे अर्धा तास बोलले. त्यांच्या भाषणात माझी भाची एव्हरेस्टवर गेली, तिथे तिनं तिरंगा लावला आणि परतीच्या वाटेवर तालुक्याचा पाणीप्रश्नही सुटला. निवेदकानं ओळख करून देताना तिची उंची सांगितली नाही, याबद्दल मला हायसं वाटलं. पाच फूट सात तरी झाली असती.

जानेवारीतल्या एका दुपारी मी शिराळ्याला भावाच्या दुकानातच होते. परीक्षा त्या दिवशी आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो. भाऊ एकाच गादीला टाके घालत होता. त्यातले निम्मे तो उसवून पुन्हा घालत होता. मी एक पुस्तक उघडून बसले होते आणि तासभर एकाच पानावर होते. सुभेदार सहज म्हणून येऊन बसले होते. सहज येणारा माणूस एवढा वेळ दाराकडे बघत नाही.

आधी फोन नाही आला, व्हिडिओ आला. पांढरा उतार, वर निळं आकाश, आणि मध्ये एक ठिपका. ठिपका खाली येऊ लागला. आमच्या लेखी ती कुणीही असू शकली असती. मग ती जवळ आली आणि स्कीची टोकं दिसली. ती बर्फाखाली जात होती, दिसेनाशी होत होती, आणि मग परत वर येत होती. वारणेत डुंबणारी म्हैस नाक वर काढते तशी. उपमा सुंदर नाही, पण अचूक आहे, आणि आम्ही तिघांनीही ती म्हैस पाहिलेली होती. टोकं खाली गेली की आमचा श्वास अडायचा, वर आली की सुटायचा.

"नाक वर हाय," सुभेदार प्रत्येक खेपेला सांगत होते. "हाय. नाक वर हाय."

मध्येच ती थांबली, पाय उचलला, हवेत स्की फिरवली, दुसरी तिच्याशेजारी आणली. मागचं टोक कुठे अडकलं नाही. मग तिच्यामागून एकेक करून पाहुणे खाली आले, पाच जण, सगळे उभेच्या उभे. शेवटी तिनं व्हिडिओ काढणाऱ्याच्या हातून फोन घेऊन आपल्या तोंडासमोर धरला. भुवयांवर पांढरं होतं, दुकानात होतं तसंच. म्हणाली, अब्बा, झाली. पुढच्या आठवड्यापासून कामावर घेतायत.

मग माझ्याकडे बघितल्यासारखं करून म्हणाली, "फुफी, बर्फ पडताना आवाज येत नाही. पण वरून जाताना येतो. ऐक." आणि फोन खाली स्कीजवळ धरून ती थोडीशी पुढे सरकली.

आम्ही कान लावून ऐकलं. नवी गादी घातल्यावर तिच्यावरून हात फिरवला की येतो तसा तो आवाज होता. मी ओळखला, पण बोलले नाही. त्या घरात तो ओळखायचा पहिला मान माझा नव्हता.

भावानं व्हिडिओ पुन्हा लावला. या खेपेला तो मुलीकडे बघत नव्हता. फोन डोळ्यांजवळ धरून तिच्या मागे उडणारा बर्फ बघत होता, कसा उठतो, कसा पसरतो, कसा बसतो. बराच वेळ बघून त्यानं फोन सुभेदारांकडे दिला आणि सुई उचलली.

"पिंजन चांगली झालीया," तो म्हणाला.

मग त्यानं टाका घातला, आणि या खेपेला तो उसवला नाही.